पापडाच्या डब्यातला गोंगाट

शिरूरच्या एसटी स्टँडवरून पेठेकडं वळलं की डाव्या हाताला माझं दुकान होतं, ‘कला आर्ट्स’. कला म्हणजेच आर्ट, हे पाटी वाळल्यावर एका मास्तरांनी सांगितलं. तोवर रंग संपला होता, पाटी तशीच राहिली. माझं बारशातलं नाव आता कुणाच्या लक्षात नाही. सगळा तालुका मला ‘पेंटर’ म्हणतो. बायको रागावली की तीही ‘अहो पेंटर’ अशीच हाक मारते.

धंद्याबद्दल लिहायला बसलोय, तर धंदा आधी सांगून टाकतो. पाटी रंगवणं म्हणजे अक्षर काढणं, असं लोक समजतात. त्या काळात निम्मं गिऱ्हाईक पाटी वाचत नसे, बघत असे. म्हणून बियाण्याच्या दुकानावर बैलजोडी, वेल्डिंगवाल्याकडं दात्यांचं चाक, खानावळीवर वाफाळतं ताट. आत काय मिळतं ते बाहेर सांगणं, एवढंच चित्राचं काम. बाहेर कोंबडी काढली तर आत कोंबडीच मिळाली पाहिजे. एका चित्राला एक अर्थ. या नियमावर माझी चूल पेटत होती.

दुसरं काम तसबिरींचं. खेड्यात जुन्या माणसांचे फोटो नसत. वडील गेले की मुलगा यायचा, तसबीर पाहिजे म्हणायचा. फोटो? न्हाई. मग त्या मुलालाच स्टुलावर बसवायचं आणि त्याच्या तोंडावरून बाप काढायचा. केस पांढरे, गाल आत, कपाळावर आठ्या, डोक्याला पटका. माणसाचं वय म्हणजे ब्रशाचे चार फराटे. वाढवता येतं, उतरवताही येतं.

यात माझी फजिती झाली ती केंदूरला. तिथल्या एका आप्पांवरून मी त्यांचे वडील काढायला घेतले. पण जसजसा म्हातारा करत गेलो तसतसे ते जास्तच आप्पा दिसायला लागले. वर्षश्राद्धाला तसबीर ओट्यावर मांडली, हार घातला, उदबत्ती लावली आणि नेमके आप्पा शेजारी येऊन उभे राहिले. त्यांच्या मंडळी आतून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. एकदा तसबिरीकडं बघितलं, एकदा नवऱ्याकडं, आणि हातातला तांब्या सुटला.

‘काढा आधी त्यो हार! माझ्या धन्याला जित्तेपणी हार घातला या मुडद्यानं!’

मुडदा म्हणजे मी. त्या दिवशी जेवण न करताच केंदूर सोडलं. एवढं होऊनही माझी खोड गेली नाही, हे पुढं कळेलच.

सत्तरच्या दशकातल्या एका हिवाळ्यात मला दौंडला नाताळच्या नाटकाचा पडदा रंगवायचं काम मिळालं. रेल्वे कॉलनीतल्या हॉलमध्ये मुक्काम. पडद्यावर बेथलेहेम पाहिजे होतं. मी ते कुठं बघितलेलं? शिरूरहून येताना न्हावऱ्याच्या आसपास जो माळ लागतो तोच काढला, बाभळीसकट. कुणी हरकत घेतली नाही. एक आजीबाई तर म्हणाल्या, ‘माझं माहेरच काढलंय की रं पोरानं.’

त्या पडद्यापुढं बाकावर एक गृहस्थ रोज येऊन बसत. अंगानं आडवे, भुवयांत कोळशाची पूड कायमची मुरलेली. हे शांतवनमामा, वाफेच्या इंजिनावरचे ड्रायव्हर. मूळचे वडगाव रासाईचे. इंजिनं पुसायला म्हणून लागले, मग कोळसा टाकणारे फायरमन झाले, मग ड्रायव्हर. बोलायचे कमी. एक दिवस ते सुतळीनं बांधलेला चौकोनी गठ्ठा काखेत घेऊन आले.

‘पेंटर, तुला चित्र वाचता येतं का?’

‘काढता येतं म्हणजे वाचता येणारच की, मामा.’

इथं मी फसलो.

गठ्ठ्यात ग्रामोफोनच्या मोठ्या रेकॉर्डींची विलायती पाकिटं होती, ताटाएवढी, जाड पुठ्ठ्याची, चकचकीत. मी आत हात घातला. रिकामं. दुसरं बघितलं, तेही रिकामं.

‘आतली रेकॉर्ड कुठाय?’

‘पोराकडं.’

मग तुटक तुटक सगळं बाहेर आलं. विल्सन हा एकुलता मुलगा. गिटार वाजवायचा. पुण्याहून, कुणाकुणाच्या ओळखीनं, या रॉक म्हणतात त्या गाण्यांच्या रेकॉर्डी आणायचा. मामा रात्रपाळी संपवून घरी येऊन अंग टाकायचे आणि पलीकडच्या खोलीत ते सुरू व्हायचं.

‘म्हणलं, ह्यो गोंगाट माझ्या घरात चालायचा न्हाई. तर म्हणाला, मग गोंगाट घेऊन जातो. आन् गेला. त्याच्या आईचा पापडाचा डबा हाय ना, पत्र्याचा, गोल. त्यात रेकॉर्डी बरोब्बर बसल्या. ही पाकिटं चौकोनी, ती कुठं बसायची? राहिली.’

म्हणजे गाणी मुलाबरोबर गेली आणि चित्रं बापाकडं राहिली.

‘आता कुठं असतो?’

‘पुण्याला. कॅम्पात कुठल्या हॉटेलात वाजवतो म्हणत्यात.’

‘मग भेटून या की. तुम्ही तर सारखेच पुण्याला जाता.’

‘गाडी जाती. मी न्हाई जात.’

खरंच होतं ते. मामा गाडी पुण्याला न्यायचे, ड्रायव्हरांच्या खोलीत डबा खायचे आणि उलटी गाडी घेऊन दौंडला यायचे. स्टेशनच्या दारातून बाहेर पाऊल नाही. ज्या गावात मुलगा राहतो तिथं शेकडो माणसं नेऊन सोडायची आणि आपण मात्र फलाटावरूनच परतायचं.

‘मी त्याला कवा ऐकलंच न्हाई, पेंटर. नुसता वरडलो. आता घरात एवढंच हाय. यात काय हाय तेवढं मला सांग. म्हंजी पोराच्या मनात काय हुतं ते.’

मी आयुष्यात बैलजोडी आणि दात्यांचं चाक यापलीकडं गेलेलो नव्हतो. पण ब्रश धुतला, हात पुसले आणि डॉक्टर एक्स-रे धरतात तसं पहिलं पाकीट उजेडाकडं धरलं.

समुद्र. समुद्रावर डोंगराएवढी कपड्यांची इस्त्री, आणि चहूकडून वाफ. माझ्या नियमानं ही लाँड्रीची पाटी. पण मामांच्या तोंडाकडं बघून तसं म्हणवेना.

‘इस्त्रीत काय असतं मामा? निखारे. खाली पाणी, आत आग, वर वाफ. हे तुमचं इंजिनच आहे.’

मामांनी पाकीट हातात घेतलं, जवळ नेलं, लांब नेलं.

‘विल्सननं माझं काम काढलं?’

‘त्यानं कुठं काढलंय? विकत घेतलंय. पण शंभर पाकिटांतून हेच का उचललं असेल?’

त्यांच्या भुवया जराशा वर गेल्या. मला जोर चढला. दुसऱ्या पाकिटावर पक्ष्याच्या पिंजऱ्यात एक मासा होता, माशाला पंख.

‘हा विल्सन,’ मी ठोकून दिलं. ‘पोहणारा गडी, त्याला उडायचंय.’

‘आन् पिंजरा?’

मी खाली वाकून ब्रश परत धुवायला घेतला. तो स्वच्छच होता.

तिसऱ्यावर उघडा माळ आणि मधोमध नुसतं एक दार. भिंत नाही, छप्पर नाही. दार धड उघडं नाही, धड बंद नाही.

‘घर पडलं, दार राहिलं,’ मी म्हणालो.

‘दार उघडतंय का लागतंय?’

‘ते कळत नाही.’

मामा एकदम ताठ झाले. ‘कळत न्हाई म्हंजी? सिग्नलचा हात खाली पडला की जायाचं, आडवा असला की थांबायचं. दोन अर्थ निघाले तर माणसं मरतील. हात अर्धवट लोंबत असला तर आमचा नियम काय? तो आडवाच धरायचा. थांबायचं.’

‘म्हणून तुम्ही थांबलाय?’

बोलून गेलो आणि जीभ चावली. मामांनी गठ्ठा बांधायला घेतला. मी घाईघाईनं म्हणालो, ‘कोपरे फाटलेत, ओल आलीय. द्या मला. शिरूरला नेऊन नीट करून आणतो.’

नाताळ झाला, पडदा उतरला, गठ्ठा घेऊन मी शिरूरला आलो. पिठाची खळ शिजवली, कोपऱ्यांना पट्ट्या लावल्या. शेवटचं पाकीट घेतलं आणि थांबलो. त्यावर रेल्वेच्या डब्याची खिडकी होती. काचेवर हात टेकवून एक माणूस बसलेला. कोट झकास, टोपी झकास, बोटांची नखंसुद्धा काढलेली. आणि चेहऱ्याच्या जागी पांढरी कोरी जागा.

ओलीनं चेहरा उडाला, हे मी एका नजरेत ठरवून टाकलं. आमच्यात बिनचेहऱ्याचं माणूस गिऱ्हाइकाच्या हाती देत नाहीत, अपशकुन मानतात. विल्सनला मी बघितलेलं नव्हतं. पण बाप तर बघितला होता! पोस्टर कलर कालवले, मामांचं तोंड डोळ्यांपुढं आणलं आणि चार फराट्यांत वय उतरवलं. गाल भरले, केस काळे केले, भुवया तेवढ्या तशाच ठेवल्या. वरून वॉर्निश. माझ्यावर मीच इतका खूश झालो की समोरच्या सायकलवाल्याला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, ‘फोटोच काढलाय जणू.’ कुणाचा, ते त्याला माहीत नव्हतं.

दौंडला मामांच्या क्वार्टरमध्ये गेलो. मार्थामावशी, म्हणजे विल्सनची आई, चहा टाकत होत्या. मामांनी एकेक पाकीट बघितलं. शेवटचं हातात घेतलं आणि बघतच राहिले. मावशी कपबशी घेऊन आल्या, त्यांच्या खांद्यावरून वाकल्या आणि म्हणाल्या, ‘अगंबाई, हे तर तुम्ही!’

केंदूरचा तांब्या माझ्या कानात वाजला. मी चपला कुठं काढल्यात ते बघून घेतलं.

‘मामा, चेहरा उडाला होता, म्हणून मी...’

‘मी वडगाव सोडलं तवा असाच हुतो,’ मामा म्हणाले. ते माझ्याशी बोलत नव्हते. ‘गाडीच्या खिडकीत हात असाच टेकवला हुता. बाप ठेशनापातूर आला, पर हात न्हाई केला त्यानं. उभा राहिला नुसता, खांबावानी. त्याला वाटलं असंल, पोरानं आधी करावा. मला वाटलं, त्यानं करावा. गाडी सुटली.’

मावशींनी पदर तोंडाला लावला. मी गप्प राहायला पाहिजे होतं. पण गप्प राहणारा माणूस पाट्या कशाला रंगवेल?

‘मामा, एक विचारू? सिग्नल आडवा असला की गाडी थांबवता. मग पुढं काय करता? दिवसभर तिथंच?’

‘असं कसं? लांब शिट्टी मारायची. वाट बघायची. तरी हात पडला न्हाई, तर फायरमनला खाली उतरवायचं आन् सिग्नलच्या केबिनकडं पाठवायचं. जा, विचारून ये म्हणावं.’

बोलता बोलता ते थांबले. मावशींनी त्यांच्याकडं बघितलं. मग दोघांनी माझ्याकडं बघितलं.

अशी माझी फायरमन म्हणून नेमणूक झाली.

पुण्यात हॉटेल सापडलं, तिथून विल्सनची खोलीही सापडली. कॅम्पात नव्हती ती. स्टेशनच्या पाठीमागं, मालधक्क्याला लागून, जिन्याखालची खोली. केस मानेपर्यंत, अंगानं काटकुळा, आणि भुवया थेट मामांच्या, फक्त कोळशाशिवाय. कोपऱ्यात स्टुलावर प्लेअर, त्याखाली पापडाचा डबा. मी दौंडहून आलोय म्हटल्यावर त्यानं आधी विचारलं, ‘आई बरी आहे ना?’ बापाचं विचारलं नाही.

मी गठ्ठा सोडला. त्यानं पाकिटं अशी हातात घेतली की मला उगीचच दुसरीकडं बघावंसं वाटलं. डब्याचं झाकण काढलं. रेकॉर्डींच्या मधे वर्तमानपत्राचे कागद घातलेले, तरी ओरखडे पडलेलेच. एकेक रेकॉर्ड उचलून तो तिच्या पाकिटात घालत गेला. मी माझं ज्ञान पाजळलं. इस्त्री म्हणजे इंजिन, वगैरे. तो हसला.

‘मी असा विचार नव्हता केला. पण असेलही. एकच अर्थ असला पाहिजे असं थोडंच आहे?’

‘आमच्या धंद्यात असतो बाबा. नाहीतर माणूस बियाणं आणायला जातो आणि वेल्डिंग करून येतो.’

मग ते पाकीट आलं. विल्सन बघत राहिला.

‘हे कुणी केलं?’

‘मीच. ओलीनं चेहरा उडाला होता ना.’

‘उडाला नव्हता, पेंटर. चेहरा नव्हताच. मुद्दाम कोरा ठेवलाय.’

‘मुद्दाम? कशाला?’

‘ज्याचं जे माणूस लांब असेल, ते त्यानं तिथं बघावं.’

म्हणजे विलायतेतल्या कुणा थोर चित्रकाराचं चित्र शिरूरच्या ‘कला आर्ट्स’नं पुरं करून ठेवलं होतं! मी कान धरायच्या बेतात होतो. तेवढ्यात विल्सननं बोट वर केलं. बाहेर लांबून एक शिट्टी आली. आधी जराशी, दबकत, घसा खाकरल्यासारखी. मग लांबलचक, आणि शेवटी हळूच उतरत गेलेली.

‘दादांची गाडी,’ तो म्हणाला. बापाला तो दादा म्हणायचा. ‘दोरी अशी दुसरं कुणी ओढत नाही. लहानपणी ही शिट्टी आली की आई तवा टाकायची. कॅम्पात चांगली खोली मिळत होती मला. तिथं ऐकू येत नाही.’

त्याचा अंगठा त्या खिडकीतल्या हातावर टेकला होता.

निघताना मी चपला घालून वळलो, तर त्यानं डबा माझ्या हातात दिला. झाकण सुतळीनं घट्ट बांधलेलं.

‘आईचा आहे. आता रेकॉर्डी पाकिटांत बसल्या, डबा मोकळा झाला.’

‘निरोप काय सांगू?’

‘डबा द्या.’

आमच्याकडं कुणाचं भांडं रिकामं परत पाठवत नाहीत. शेजारणीची वाटी आली तर निदान चिमूटभर साखर घालून देतात. रिकामं भांडं म्हणजे तुमचं तुम्हाला पोचलं, आता येणं-जाणं संपलं. आणि हा डबा हलका होता. परतीच्या गाडीत मी तो मांडीवर घेऊन हलवून बघितला. काहीतरी सरकल्यासारखं वाटलं. परत हलवला, वाटलं झाकणच वाजतंय.

मामा माझ्या आधीच घरी पोचले होते. डबा टेबलावर ठेवला तर ते लांबच उभे राहिले.

‘काय म्हणाला?’

‘डबा द्या म्हणाला.’

‘एवढंच?’

‘एवढंच.’

‘रिकामा हाय?’

‘माहीत नाही, मामा.’

‘मार्था, तू सोड.’

‘तुम्हीच सोडा,’ मावशी म्हणाल्या. ‘तुमच्यामुळं गेलता डबा.’

एवढं मोठं इंजिन हाकणारे हात त्या सुतळीच्या गाठीशी झटत होते. शेवटी मावशींनीच विळीवर सुतळी कापली. झाकण निघालं. आत वर्तमानपत्राचा कागद, आणि कागदाखाली एक रेकॉर्ड. एकच. बिनपाकिटाची.

कुठली ते मला दिसताक्षणी कळलं. तिच्या मधल्या गोल कागदावर तीच गाडीची खिडकी बारकी छापलेली होती. पाकीट त्यानं ठेवून घेतलं होतं आणि त्यातलं गाणं बापाला पाठवलं होतं.

मामांनी ती दोन्ही तळहातांवर धरली. घरात प्लेअर नव्हता. तो तर विल्सनकडं. ते तिच्यावरच्या रेघांकडं नुसते बघत होते, बोट न लावता.

‘पेंटर, आता हे कसं वाचायचं?’

मावशी तोवर फडताळाकडं गेल्या होत्या. नाताळच्या करंज्या राहिल्या होत्या, त्या त्यांनी डब्यात भरल्या, वर पापड रचले, रेकॉर्ड स्वच्छ टॉवेलात गुंडाळून डब्यावर ठेवली.

‘भांडं भरून आलंय, भरूनच परत गेलं पाहिजे,’ त्या म्हणाल्या. ‘आन् पेंटर काय तुमचा नोकर न्हाई सारखा पळायला. उद्या तुमची ड्यूटी हाय ना?’

दुसऱ्या दिवशी फलाटावर मी मामांना सोडायला गेलो. इंजिनात डबा कुठं ठेवायचा यावरून त्यांची आणि खऱ्या फायरमनची बाचाबाची चालली होती. ‘आरं तिथं भट्टीची धग लागती, रेकॉर्ड वितळंल!’ शेवटी टॉवेलातली रेकॉर्ड त्यांनी पाठीमागच्या डब्यात गार्डाकडं पाठवली आणि करंज्या स्वतःजवळ ठेवल्या. शिट्टी झाली. आधी दबकत, मग लांब. मी हात केला. त्यांनीही केला.

ते पुण्याच्या स्टेशनातून बाहेर पडले, एवढं मला नंतर मावशींकडून कळलं. त्यापुढं त्या खोलीत काय झालं, ते त्या दोघांचं. त्या नाटकाचा पडदा माझा नव्हता.

या प्रकरणानं माझं नुकसान मात्र झालं. एका चित्राला एक अर्थ हा नियम ढिला पडला. कोरेगाव भीमाच्या एका खानावळवाल्याला मी पाटीवर ताट न काढता माळ काढला आणि माळावर अर्धवट उघडं दार. तो चार पावलं मागं गेला. म्हणाला, ‘पेंटर, लोक म्हणत्याल खानावळ बंद पडली.’ दार पुसून ताट काढून दिलं, वाफेसकट.

आता ताटाचाही फोटो छापतात. फ्लेक्सवर चेहरेच चेहरे असतात, कोरी जागा कुठं नसते. दौंडला गेलो की अजून पुलावर जरा थांबतो. गाड्या येतात, भोंगा देतात, सगळे एका आवाजात. कोण चालवतंय ते कळत नाही. आणि एक गोष्ट माझ्या मनात राहूनच गेली. ती पाकिटं मी वाचली, चिकटवली, बिघडवली, पोचवली. पण ते गाणं मी कधीच ऐकलं नाही. मुलानं बापाला पाठवलं ते काय होतं, कसं वाजत होतं, याचा मला पत्ता नाही.

मामा रिटायर झाल्यावर एकदा शिरूरला आले होते, दुकानात स्टुलावर बसले. भुवया पांढऱ्या झालेल्या, कोळसा गेलेला. चहा झाला. मी बरीच वर्षं दाबून ठेवलेलं विचारलं.

‘मामा, ती रेकॉर्ड. कशी होती हो?’

‘गोंगाट,’ मामा म्हणाले. मग बशी खाली ठेवली. ‘परत लाव म्हणलं, तर परत तोच गोंगाट. मग म्हणलं, आजून एकदा लाव.’